अकरा श्वास

"हे तुम्ही लिहिलं नाहीत," मॅडम म्हणाल्या, आणि लहान मुलाच्या डोक्यावर टोपी चढवावी तसा हेडफोन त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्या कानांवर चढवला. चार सेकंदांचा तुकडा होता. तिचाच आवाज : भाजी आणखी घेणार का? मग एक श्वास. बाईचा नव्हे, पुरुषाचा, नाकातून आत ओढलेला, छाती भरून घेतलेला, काहीतरी सांगायच्या आधी माणूस घेतो तसला. आणि लगेच पुन्हा तिचाच आवाज : नकोच असेल, दुपारी उशिरा जेवलात ना. मॅडमनी तुकडा परत लावला. परत लावला. चौथ्यांदा तिला भाजी ऐकू येईनाशी झाली, नुसता तो श्वास ऐकू आला, आणि तो श्वास मध्येच कुठंतरी ठेवून दिल्यासारखा वाटला. "कोणाचा आहे हा?" मॅडमनी विचारलं. "ह्यांचा," ती म्हणाली, "पण मॅडम, श्वासच आहे हो नुसता. श्वास काय, सगळेच घेतात." वर्गातली पोरं हसली. तीही हसली, कारण वर्गात हशा झाला की तो आपणच आणला असं समजायची तिला सवय होती. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "बोलणं श्वासापासून सुरू होतं, काकू," त्या म्हणाल्या. "हे सुरू झालं होतं. पुढं त्याचं काय झालं ते बघा. आणि सगळं परत लिहा."

पन्नाशीला आलेली बाई वर्गात बसली की तिची काकू होते, त्याला इलाज नाही. विद्यार्थ्यांनी पहिल्या दिवशी म्हटलं, दुसऱ्या आठवड्यात मॅडमच्याही तोंडी बसलं, आणि मॅडम तर तिच्यापेक्षा चांगल्या पंधरा वर्षांनी लहान. तिला त्याचा राग नव्हता. ह्याच्याआधी तिचं नाव रेडिओ होतं. पाणीपुरवठ्याच्या तक्रार-कक्षात बावीस वर्षं ती फोनवर बसली. नळाला पाणी नाही, गढूळ येतंय, रस्त्यात पाइप फुटलाय, शेजारणीनं मोटर लावलीय. दिवसाला दीडशे माणसं तिच्या कानात ओरडायची आणि ती दीडशे माणसांना गार करायची. तिथला एकच नियम होता : तीन सेकंदांच्या वर लाइनवर शांतता नको, नाहीतर वरिष्ठांच्या टेबलावर लाल दिवा लागायचा. माणसाला वाटतं, फोन कापला, मग तो दुप्पट चिडून परत करतो. म्हणून बोलत राहायचं. बघते हं, नोंद घेतेय हं, तुमचा रस्ता शाळेमागचा ना, हो हो, समजलं. समोरच्यानं दम खायला क्षणभर थांबायचा अवकाश, तिनं ती जागा भरलीच म्हणून समजा. वरिष्ठ म्हणायचे, हिच्या लाइनवर शांतता औषधालाही सापडायची नाही. मग तिथं यंत्र आलं. पाण्यासाठी एक दाबा, गटारासाठी दोन दाबा. रेडिओ घरी आला. त्याच वर्षी लेक नोकरीला दुसऱ्या शहरात गेली, आणि घरात बोलायला कोणी उरलं नाही असं तिनं शेजारीपाजारी, नात्यागोत्यात, भाजीवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं. विद्यापीठात वाणी आणि संवाद असा एक विषय शिकवतात हे तिला दंतवैद्याकडेच जुन्या वर्तमानपत्रात दिसलं. मुलाखतीत विचारलं, हाच विषय का? ती म्हणाली, बावीस वर्षं बोलण्याचा पगार घेतला, आता ते असतं काय ते तरी बघू. त्यावर सगळे हसले आणि तिला प्रवेश मिळाला.

घरात कोणी नव्हतं असं नाही. घड्याळजी होता. नवरा. चौकातल्या औषधांच्या दुकानाला चिकटून त्याचं हातभर रुंद दुकान, काचेमागं टेबल, टेबलावर दिवा, दिव्याखाली तो, एका डोळ्याला भिंग. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण घरात बोलायला कोणी नाही ह्या यादीत ती त्याला धरायचीच नाही. घड्याळ तरी तासाला एकदा बोलतं, असं ती त्याच्या तोंडावर म्हणायची आणि तो मान खाली घालून हसायचा. पाठाचं काम मिळालं तेव्हा तिनं आपलंच जेवणाचं टेबल निवडलं ते काहीसं खोडसाळपणानं. वीस मिनिटांचं साधं घरगुती बोलणं ध्वनिमुद्रित करायचं, ज्याचं त्याला सांगून, आणि मग ऐकू येईल ते सगळं लिहायचं. समजतं ते नाही, ऐकू येतं ते. थांबा किती सेकंदांचा, कोण कोणाच्या बोलण्यावर चढलं, भांडं कधी वाजलं, श्वास कधी घेतला. तिला वाटलं, होऊ दे एकदा साऱ्या जगासमोर, कळू दे वर्गाला मी कुणाबरोबर दिवस काढते. "तुमचा आवाज घेऊ का?" तिनं विचारलं आणि यंत्र मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलं. त्यानं मान हलवली. लिहून नेलं तेव्हा कागदावर तिच्या ओळी एकाखाली एक अशा गच्च लागल्या होत्या आणि त्याच्या ओळी एकूण नऊ. त्यातल्या सहा नुसत्या "हं". तिनं ते मोठ्या दिमाखात दिलं होतं.

आता ती विद्यापीठाच्या तळघरातल्या ध्वनिखोलीत बसली. भिंतींना भोकाभोकांचे पुठ्ठे, दाराला जाड रबर, आत शिरलं की आपलं रक्त ऐकू येतं. एक मिनिट लिहायला एक तास लागतो असं मॅडम म्हणाल्या होत्या ते खोटं नव्हतं. दोन सेकंद मागं, परत पुढं, परत मागं. हळूहळू शब्द झिजून गेले आणि उरलं ते भलतंच काही होतं. तो श्वास घेत होता. एकदा नव्हे. ती विचारायची, "दुकानात गर्दी होती का?", तो श्वास घ्यायचा, आणि अर्ध्या सेकंदाच्या आत ती सांगायची, "नसणारच, ह्या दिवसांत कोण येतंय." ती विचारायची, "लेकीचा फोन आला होता का तुम्हाला?", श्वास, "नाही आला ना, मला आला, तेच म्हटलं." तिनं प्रत्येक श्वासाला ठरलेली खूण केली आणि अंतर मोजलं. चार दशांश. तीन दशांश. एके ठिकाणी शून्य. तिथं तिचं वाक्य त्याच्या श्वासाच्या पोटातच सुरू झालं होतं. सातवा श्वास घड्याळावर होता. "भिंतीवरचं तिसऱ्यांदा बंद पडलं होतं हो तुमचं. घड्याळजीच्या घरात! बाहेर सांगायची सोय नाही." श्वास, चांगला लांब, आणि त्याच्या शेवटी एक बारीक आवाज, जिभेनं टाळू सोडल्याचा. म्हणजे पहिलं अक्षर तोंडात आलेलं. आणि ती : "लोकांची करताय, घरचं राहतं, चालायचंच." नियमाप्रमाणे आजूबाजूचे आवाजही टिपायचे म्हणून तिनं समासात लिहिलं : घड्याळ चालू, ठोके असमान. टिकटॉक, थांबा, टिकटॉक, थांबा. एका पायानं लंगडल्यासारखं. तेही तिला त्या खोलीतच पहिल्यांदा नीट ऐकू आलं. शेवटी तिनं खुणा मोजल्या. वीस मिनिटांत अकरा श्वास, आणि अकरांतल्या एकाच्याही पुढं वाक्य नव्हतं.

 अकरा वेळा माणूस काही सांगायला निघतो ते भाजी आणखी नको हे सांगायला नव्हे. वरवर बघितलं तर प्रत्येक श्वास वेगळ्या प्रश्नावरचा, पण तिला, बावीस वर्षं माणसांच्या आवाजावरून पाइप किती फुटलाय ते ओळखणाऱ्या बाईला, ते अकराही एकाच गोष्टीचे वाटले. काहीतरी आहे. ते सांगायचं आहे. आणि ते चांगलं नाही, कारण चांगलं असतं तर तिसऱ्या श्वासालाच निघालं असतं. बसमध्ये खिडकीशी बसून तिनं सगळे रोग मनातल्या मनात त्याला लावून पाहिले आणि एकेक काढून टाकले. मग तिला आठवलं ते त्याचं दुकान, पण सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वीचं. वडिलांचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ घेऊन ती तिथं गेली होती. होईल ना दुरुस्त? वडील म्हणतात टाकून दे, पण मी म्हटलं, टाकायचं कसलं, होईल, बघा तुम्ही, पाण्यात नाही पडलेलं, म्हणजे एकदा पडलं होतं, पण स्वच्छ पाण्यात. तो तरुण माणूस काही बोलला नव्हता. त्यानं घड्याळाला किल्ली दिली, कानाशी धरलं आणि डोळे मिटले. उजवा कान. बाहेर रस्ता नुसता कोकलत होता आणि हा इवल्याशा घड्याळाचं म्हणणं ऐकत होता, अगदी शेवटापर्यंत, मध्ये न तोडता. ती गप्प झाली होती. जन्मात पहिल्यांदा, पुरं एक मिनिट. असं आपल्याला कोणी ऐकलं तर, असं तिच्या मनात आलं होतं, आणि मग तिनं काय काय कारणं काढून त्या दुकानाच्या चकरा मारल्या ते सांगण्यात अर्थ नाही. आईचं घड्याळ, मावशीचं घड्याळ, शेवटी स्वतःचंच चांगलं चालतं घड्याळ. त्या माणसानं सव्वीस वर्षं तिला ऐकलं होतं. आणि तिनं, बसमध्ये तिला वाटलं, तिनं त्याच्या लाइनवर तीन सेकंद कधी सोडलेच नव्हते.

सोमवारपासून तिनं तोंड बंद केलं. सहज नव्हे, मुळापासून ठरवूनच केलं, कारण अर्धवट गप्प बसणं तिला जमण्यातलं नव्हतं. दार उघडायचं, ताट वाढायचं, शेजारी बसायचं आणि वाट बघायची. वर्गात शिकवलं होतं की काही माणसांना उत्तराला चार सेकंद लागतात, काहींना सात. जागा मोकळी ठेवा, ती भरते. तिनं मिठाची गुळणी धरली. जीभ दातांखाली घेऊन ती मनात आकडे मोजायची. एक, दोन, तीन. तीनवर तिच्या अंगाला घाम यायचा, आत कुठंतरी वरिष्ठांचा लाल दिवा लागायचा. चार, पाच. घड्याळजी जेवायचा. सहा, सात. तो मान वर करून तिच्याकडे बघायचा. डोळ्यांत नव्हे, तोंडाकडे बघायचा, ओठांकडे, आणि परत ताटात बघायचा. पहिल्या दिवशी तिला वाटलं, आता. मंगळवारी वाटलं, आता तरी. पण श्वास येईनाच! जागा मोकळी ठेवली तर ती भरायची सोडून नुसती मोठी होत चालली. बुधवारी त्यानं चमचा उचलला आणि वाटीच्या काठावर एकदा, दोनदा, तीनदा वाजवला, डोकं जरा कलतं करून. तिला वाटलं, हा चिडला. सव्वीस वर्षांत तो कधी भांडं आपटून बोलला नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती पाणी आणायचं निमित्त करून आत गेली. दोन घरं सोडून राहणाऱ्या शेजारणीनं जिन्यात विचारलं, अगं, घसा बसलाय का तुझा? इतकी शांतता कशी तुमच्याकडे? तिनं नुसती मान हलवली. शेजारीण घाबरून गुळण्यांचं औषध घेऊन आली.

गुरुवारी लेकीचा फोन आला. "आई, तू बाबांशी भांडलीस का?" तिनं आधी विचारलं आणि मग नमस्कार-चमत्कार. "नाही गं बाई, का?" "बाबांचा फोन आला होता दुकानातून. बाबांचा! स्वतःहून! मला वाटलं काही झालं की काय. तर विचारतात, आई फोनवर बोलते का तुझ्याशी? म्हटलं, बोलते म्हणजे काय, ठेवत नाही फोन. तर म्हणाले, बरं. आणि ठेवला. आई, काय चाललंय तुमचं?" ती फोन धरून उभी राहिली. लेकीला सांगावं की तुझ्या बाबांना काहीतरी सांगायचंय आणि मी त्यांना जागा करून देतेय, तर ते ऐकायला किती शहाण्यासारखं वाटलं असतं. पण ह्या शहाणपणानं घरात काय झालं होतं ते ती बघत होती. तो आता दुकानातून लवकर यायचा, तिच्या उजव्या बाजूची स्वतःची नेहमीची खुर्ची सोडून समोर बसायचा, आणि ती उठली की उठायचा, बसली की बसायचा, काही हरवलेलं तिच्या अंगावर सापडेल अशा आशेनं बघायचा. "आई? आहेस ना? कापला का फोन?" लेक ओरडली. "आहे," ती म्हणाली. तीन सेकंद होऊन गेले होते. तेही तिच्या लक्षात आलं नव्हतं.

रविवार सकाळ म्हणजे किल्लीची वेळ. घरातल्या तिन्ही घड्याळांना तो रविवारी किल्ली द्यायचा, आणि भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाला सगळ्यांत शेवटी. आज त्यानं ते खाली उतरवलं, पुसलं, परत खिळ्याला अडकवलं आणि लंबकाला बोटानं हलका धक्का दिला. ती चहाचा कप घेऊन मागं बसली होती. टिकटॉक, थांबा, टिकटॉक, थांबा. लंगडतंय, तिच्या जिभेवर आलं. तिनं ते चहाबरोबर गिळलं. तो घड्याळासमोर उभा राहिला, डोकं उजवीकडे कललेलं, मग डावीकडे. पुढं झाला. कान जवळजवळ काचेला लावला. डोळे मिटले. तिला तो दुकानातला तरुण माणूस दिसला आणि लगेच दिसेनासा झाला, कारण त्या माणसाच्या कपाळावर अशी आठी नव्हती. मग त्यानं खालची बाजू नखभर सरकवली, ती भलतीकडेच, आणि घड्याळ आणखी लंगडं झालं. तो समाधानानं मागं सरकला. तिचा कप बशीत वाजला. तो वळला नाही. आणि पाठमोरा उभा राहूनच त्यानं श्वास घेतला.

बारावा. एक, दोन, ती मोजू लागली. तीन. हात बशीला घट्ट. चार, पाच. बाहेर कुणाची तरी सायकल गेली. सहा. सात. आता काय ते होऊ दे, पण होऊ दे, तिला वाटलं. आठ.

"मला हे येत नाही ऐकू," घड्याळजी म्हणाला.

तिनं कप बशीसकट खाली ठेवला. 

"टिक येते. कधी कधी. टॉक नाही." तो भिंतीशीच बोलत होता, एकेक शब्द उचलून ठेवत. "मनगटी तर सहा महिने झाले. कानाला लावतो आणि गिऱ्हाइकाला म्हणतो, चालतंय. काट्याकडे बघून सांगतो. उजवा गेलाच. डावा आहे थोडा." तो थांबला. तिनं ती जागा तशीच राहू दिली. "तुला सांगायचं म्हणत होतो. पण सांगायला लागलं की तू बोलायचीस. मग वाटायचं, येतंय ना ऐकू, तर ऐकून घेऊ. नंतर सांगू. तुझा आवाज येत होता. बाकी सगळं पुसट झालं तरी तुझा स्वच्छ येत होता." आता तो वळला. त्याचा चेहरा इतका उघडा तिनं कधी पाहिला नव्हता. "सोमवारपर्यंत. सोमवारी तोही गेला."

तिला कळायलाच जरा वेळ लागला. आणि कळलं तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा की रडण्याचा हे मॅडमनासुद्धा खुणेत बसवता आलं नसतं. "अहो!" ती ओरडली, "अहो, मी बोलतच नव्हते!"

त्यानं डोळे मोठे केले. ऐकू आलं होतं. ते त्याच्या चेहऱ्यावर आधी दिसलं, आणि मग तो मटकन खुर्चीत बसला, तिच्या उजव्या बाजूच्या स्वतःच्या खुर्चीत. "बोलत नव्हतीस?" "नव्हते! एक अक्षर नाही! तुम्हाला बोलता यावं म्हणून. तो पाठ होता ना, त्यात तुमचे अकरा श्वास निघाले, आणि प्रत्येकावर मी चढलेली, मॅडमनी सगळं परत लिहायला... आणि मी म्हटलं, आता गप्प बसून बघू, आणि तुम्ही वाटी आपटायला लागलात." "आपटत नव्हतो. बघत होतो वाजते का." "वाजत होती!" "ते आलं. बारीक." "आणि लेकीला फोन केलात!" "मला वाटलं, तू बोलतेस आणि मला नुसते ओठ... पण ओठही हलत नव्हते. म्हटलं, आता डोळेही गेले की काय." आणि घड्याळजी हसायला लागला, मान खाली न घालता, मोठ्यानं, आणि ती पदराला डोळे पुसत त्याला रागं भरत होती, सहा महिने, अहो सहा महिने, कानाच्या डॉक्टरकडे उद्याच्या उद्या, मी येणार बरोबर, तुम्ही तिथंही मान हलवून याल, आणि रागं भरता भरता मध्येच तिला ते अकरा श्वास आठवले आणि ती थांबली. तो थांबला नव्हता. तो तिच्याकडे डावा कान करून ऐकत होता.

मागं भिंतीवर घड्याळ लंगडत होतं. "ते चुकीचं लावलंत," ती म्हणाली, जरा हळू, मग लक्षात येऊन जरा मोठ्यानं. "उलट सरकवलंत तुम्ही. मला येतंय ऐकू."

तो तिच्याकडे बघत राहिला. सव्वीस वर्षांत घड्याळाला तिनं हात लावलेला त्याला चालला नव्हता, धूळसुद्धा तोच पुसायचा. तो उठला, घड्याळापाशी गेला आणि खालच्या कडेला दोन्ही हातांची बोटं लावून उभा राहिला. "सांग," तो म्हणाला.

ती उठून त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. डोळे मिटले. टिकटॉक, थांबा. "खालून उजवीकडे," ती म्हणाली. त्यानं सरकवलं. "आणखी. नखभर." टिकटॉक, थांबा, पण थांबा आता लहान झालेला. तिला वाटलं, आता म्हणावं, झालं. ती म्हणाली नाही. ऐकत राहिली, शेवटापर्यंत, आणि तोही हात न हलवता तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "एक केस आणखी," ती म्हणाली. त्यानं एक केस सरकवलं. टिक. टॉक. टिक. टॉक. दोन्ही पाय सारखे पडले.

"बास."

त्यानं हात काढले, हळूच, झोपलेल्या मुलाखालून काढावे तसे. दोघं तिथंच उभी राहिली.

"आता कसं वाजतंय?" त्यानं विचारलं.

तिनं श्वास घेतला. तो डावा कान तिच्याकडे करून थांबला होता.